जातीचा रकाना वाचून झाला, आता बाकीचे रकाने वाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि बघता बघता राज्यभरातली जुनी दप्तरं फडताळांतून बाहेर आली. गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाकडच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, क पत्रक, कुळ नोंदवही, शाळांची जनरल रजिस्टरं, इतकंच काय, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांच्या आणि ताडीच्या नोंदवह्यासुद्धा. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. सापडलेल्या नोंदींची पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही, त्यावर आपल्या पत्रांच्या सदरात रोज काही ना काही येतंच. माझं म्हणणं एवढंच, की इतकी पानं उलटली गेली आणि प्रत्येक पानावर रकाना वाचला गेला तो एकच, जातीचा. बाकीच्या रकान्यांत काय आहे, हे शाळेत कारकुनी केलेल्या माणसाला विचारा.

मी ठाण्यातल्या एका शाळेत लिपिक होते, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा सातबारा. ते माझ्या ताब्यात. जात पडताळणीची फाईल करायची, की लोक दाखल्याचा उतारा मागायला यायचे. अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १९६७ पूर्वीचा. मग आजोबांचं नाव, चुलत आजोबांचं नाव, बोट फिरवत फिरवत पानं उलटायची. सापडलं की माणूस एक सुस्कारा टाकतो, झेरॉक्स घेतो आणि जातो. पुढचे रकाने कुणी वाचत नाही. मी मात्र वाचायचे. कामाच्या वेळेत वाचायचे हे आता सांगायला हरकत नाही, पेन्शन सुरू झाली आहे.

जातीच्या पुढे जन्मठिकाण असतं. त्याच्या पुढे पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख. आणि शेवटी, शेऱ्याच्या अलीकडे, 'शाळा सोडण्याचे कारण'. या रकान्याइतकं खरं लिखाण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. गुरं राखण्यास. सतत गैरहजर. मयत. वडिलांची बदली. आमच्या ठाण्याच्या शाळेत वागळे इस्टेट भरात होती तेव्हाची पानं उघडली तर जन्मठिकाणाच्या रकान्यात सबंध कोकण आणि घाट उतरलेला दिसतो. खेड, गुहागर, पाटण, जावळी, महाड. पूर्वीची शाळा म्हणून कुठल्यातरी वाडीचं नाव. बाप कारखान्यात लागला, खोली मिळाली, मग बायकामुलं आली, असा क्रम दाखल तारखांवरून सरळ लावता येतो.

या साखळीचं दुसरं टोक मी आमच्या गुहागर तालुक्यातल्या माहेरगावी पाहिलं. तिथल्या मुख्याध्यापकांनी 'तुम्ही आपल्यातल्याच' म्हणून रजिस्टर उघडून दिलं. माझ्या आजोबांच्या नावापुढे कारण होतं, 'मुंबईस गेला'. वय अकरा. वर पाहिलं तर 'मुंबईस गेला', खाली पाहिलं तर 'मुंबईस गेला'. मास्तरांना कंटाळा आला असावा, कारण पानाच्या मध्यापासून नुसतं 'सदर', 'सदर', 'सदर'. एका पानावर एका वाडीतली जवळजवळ सगळी मुलं. ही मुलं मुंबईत कुठे गेली, हे त्या शाळेला ठाऊक नाही. ती कुठून आली, हे मुंबई-ठाण्याच्या शाळांना ठाऊक आहे. दोन रजिस्टरं एकाच माणसाविषयी बोलतात आणि एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

आजोबा लालबागला गावकीच्या खोलीत राहिले. गिरणगावात कोकणातल्या गावागावांच्या अशा खोल्या होत्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीसपंचवीस बाप्ये, जेवण खानावळीत. आमच्या गावच्या मंडळाची वही एका काकांच्या माळ्यावर निघाली. लाल कापडी पुठ्ठा, आत प्रत्येक गड्याचं नाव, वाडी, गिरणी, खातं, वर्गणी चार आणे. कुणी आजारी पडून गावी गेला तर त्याच्या नावापुढे बोटभाडं उचल दिल्याची नोंद. संपाच्या महिन्यात वर्गणीचा रकाना कोरा. आजोबांचं खातं 'साचा', म्हणजे मागाचं, लिहिलं आहे. घरात आम्ही सगळे समजत होतो ते बॉयलरवर होते. वही काकांच्या सुनेने रद्दीत घालायला काढली होती, मी वेळेवर गेले म्हणून वाचली. अशा वह्या ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवलीच्या माळ्यांवर अजून असणार, कारण गिरणीवाला पुढे इकडेच सरकला.

कुलवृत्तांत ज्यांचे छापले गेले त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या लिहिणारा माणूस होता. घाटावर हेळवी येऊन वंशावळ वाचून दाखवतो, आमच्याकडे हेळवी आलेला मी पाहिला नाही. क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यांच्या वह्यांत नावं सापडतात, पण त्यासाठी आधी पूर्वजाला क्षेत्राला जायला परवडावं लागतं. कुणबी, आगरी, भंडारी, महार, कोळी यांच्या घरातला माणूस कागदावर आला तो सरकारला किंवा सावकाराला त्याच्याशी काही काम पडलं तेव्हाच. शाळेत नाव घातलं, सारा थकला, तुरुंगात गेला, पलटणीत भरती झाला, बोटीवर चढला. एवढ्यातच त्याला शोधायचं.

बोटीवर चढलेल्यांचं सांगते. मध्यंतरी माझ्या पुतण्याच्या ओळखीने मॉरिशसचं एक जोडपं आमच्याकडे आलं. बाईंचं मराठी शाळेत शिकलेलं, जपून बोललेलं, पण मराठीच. त्यांच्या हातात मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून मिळवलेला एक कागद होता. तिथे हिंदुस्थानातून गेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, सगळी रजिस्टरं ठेवलेली आहेत. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं उसाच्या मळ्यांसाठी त्या बेटावर उतरली, बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, थोडी मुंबईहून. मुंबईची ही थोडी म्हणजे मुख्यत्वे आपली रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा. करार पाच वर्षांचा, गड्याला महिना पाच रुपये आणि शिधा.

कागद मी कारकुनाच्या नजरेने वाचला आणि खरं सांगते, मला मत्सर वाटला. प्रत्येक माणसाला क्रमांक. बोटीचं नाव, उतरल्याची तारीख, माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव. यांच्या पणजोबांच्या बापाच्या कपाळावर डाव्या बाजूला व्रण होता, हे त्यांना माहीत. १८६०च्या दशकापासून तर फोटोसुद्धा काढायचे. बाईमाणूस असेल तर तिलाही तिचा स्वतंत्र क्रमांक. हे प्रेमापोटी केलेलं नव्हे. मजूर मळ्यातून पळाला तर धरून आणता यावा म्हणून ही सगळी मोजदाद. पण मोजदाद राहिली, आणि पाचव्या-सहाव्या पिढीला तिचा उपयोग झाला. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि २ नोव्हेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. गेलेल्याचा भाऊ मात्र गावातच राहिला, त्याच्या कपाळावर काय होतं ते त्याच्या खापरपणतीला, म्हणजे समजा मला, कोण सांगणार?

आता अडचण पाहा. रजिस्टरात आडनाव नाही. तिकडे बापाचं नावच पुढे आडनाव झालं. नावं म्हणाल तर धोंडू, राघो, गोविंद, कोकणात हाक मारली तर दहा जण ओ देतील अशी. गावाचं नाव तिथल्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं रोमन लिपीत. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर तालुक्यांचे नकाशे पसरून, मोठ्याने वेगवेगळे उच्चार करत बसलो. माझे यजमान म्हणाले, 'आगरी बोलीत म्हणून बघ.' शेवटी त्या आवाजाची दोन गावं निघाली, एक गुहागरात, एक संगमेश्वरात. माणूस गेला तेव्हा तिथे शाळा नव्हती, त्यामुळे त्याच्या पुतण्यांची पिढी धरायची. तिच्यासाठी कागद आहेत. खोती गावांची बोटखतं आहेत, त्यांत जमीन कसणाऱ्यांची नावं असतात. गाव नमुना १४ आहे. नंतर शाळेची रजिस्टरं आहेत.

म्हणून आम्ही एका तालुक्याच्या कार्यालयात गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, 'जातीचा दाखला काढायचाय का?' नाही. 'वारस नोंद?' नाही. 'मग कशासाठी?' मी सांगितलं, यांचे पूर्वज इथून गेले, मागे राहिलेलं घर शोधायचंय. ते गृहस्थ उद्धट नव्हते, पाहुण्यांना त्यांनी चहाही मागवला. पण त्यांच्यापुढच्या अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता आणि आमचं प्रयोजन त्यात बसत नव्हतं. 'ताई, असं दिलं तर उद्या कुणीही येईल,' ते म्हणाले. येऊ द्या की! त्यासाठीच तर दप्तर जपून ठेवलं आहे ना? राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मार्च २०२४ मध्ये मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड मिळू शकेल, असं जाहीर झालं. सातव्या पिढीला कार्ड द्यायचं आणि पहिल्या पिढीचं गाव शोधायला आली तर प्रयोजन विचारायचं, हे काही जुळत नाही.

ते जोडपं दोन्ही गावांना जाऊन आलं. संगमेश्वरच्या गावात एका म्हातारबुवांनी 'आमच्यातला एक बोटीने गेला होता' असं सांगितलं. आता कोकणात मुंबईला जायचं तरी बोटीनेच जायचे, त्यामुळे यातून काही ठरत नाही. ठरवायला कागद लागतो, आणि तो कपाटात आहे.

परदेशातून येणाऱ्यांचं कौतुक म्हणून मी हे लिहीत नाही. ठाण्याच्या देवळात, म्हणजे १८७९ साली बांधलेल्या बेने इस्रायलींच्या (कोकणातल्या ज्यूंच्या) सिनेगॉगमध्ये, इस्रायलहून येणारी माणसं आजोबांची खूण शोधतात. त्यांच्या आडनावातच गाव असतं, पेणकर, रोहेकर, नवगावकर, म्हणून त्यांचं अर्धं काम आधीच झालेलं. आमच्या रजिस्टरात शाळा सोडण्याचं कारण 'इस्रायलला गेला' असं लिहिलेली पानं आहेत, आणि त्याच पानावर खाली दुसरा मुलगा गुहागरहून येऊन दाखल झालेला आहे. गोदीत आणि बोटींवर गेलेल्या कोकणी मुसलमान आणि हिंदू खलाशांचंही तेच. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदुस्थानी खलाशांचं स्मारक आहे. त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतात. मेलेल्या खलाशाचं नाव इंग्लंडातल्या संस्थेकडून घरबसल्या मिळतं, आणि त्याच्या भावाचं नाव आपल्या तालुक्यातून मिळत नाही.

नवी मुंबईत वंशावळ हा शब्द घराघरांत ठाऊक आहे, पण प्लॉटपुरता. माझं सासर तिकडच्या आगरी कुटुंबातलं. सिडकोने १९७० नंतर पंचाण्णव गावांची जमीन घेतली आणि पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, तेव्हा प्रत्येक घराने वंशावळ करून प्रतिज्ञापत्र दिलं. त्या वंशावळींची भांडणं अजून कोर्टात आहेत. पण एवढ्या सगळ्या कागदांत आजी-पणजीचं माहेर कुठे लिहिलेलं नाही. जात पडताळणीची वंशावळही बापाकडूनच वर चढते. माझी आजी शाळेत गेली नाही, तिच्या नावावर जमीन नव्हती. नमुना १४ मध्ये तिचा जन्म मी पाहिला तो 'मुलगी' एवढाच, नाव घातलेलं नाही. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं हे उत्तम झालं. मागच्यांसाठी निदान जिथे नाव सापडेल तिथे ते सूचीत घेतलं जावं.

तर माझी मागणी अशी. मोहिमेत फक्त नोंद सापडली ती पानं स्कॅन झाली. आता सगळीच व्हावीत, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांपासून सुरुवात करावी, कारण इथे कोकणातून आलेले आणि इथून बाहेर गेलेले दोन्ही आहेत. पानं नुसती चढवून उपयोग नाही. संकेतस्थळावरच्या फाईलमध्ये पान उघडून डोळे फोडावे लागतात. मराठीत शोधता येईल अशी गाववार सूची हवी: नाव, बापाचं नाव, आईचं असेल तर आईचं, जन्मठिकाण, पूर्वीची शाळा, वर्ष आणि शाळा सोडण्याचं कारण. जातीचा रकाना या सूचीत घेऊच नका. ज्याला त्याची गरज आहे तो रीतसर उतारा काढेल. यावर कुणी म्हणेल, जमिनीचे वाद उकरून काढले जातील, कुणाची खाजगी गोष्ट उघड होईल. म्हणून पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्याच नोंदी घ्याव्यात आणि तुरुंगाची रजिस्टरं तूर्त बाजूला ठेवावीत. तसंही माहिती अधिकार कायदा २००५ मधलं कलम ८(३) वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, मोजके अपवाद वगळून, द्यायलाच सांगतं. आणि अर्जाच्या 'प्रयोजन' या रकान्यात 'कुटुंबाचा इतिहास' हे दोन शब्द मान्य करावेत. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

घाई का, तेही सांगते. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या शाळेच्या तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरलं. खालच्या खणातली रजिस्टरं आम्ही पंख्याखाली, पानापानात टीपकागद घालून वाळवली. सर्वांत जुनी, टाकाने काळ्या शाईत लिहिलेली पानं जशीच्या तशी निघाली. फाउंटन पेनच्या निळ्या शाईची पानं मात्र धुऊन निघाली, नुसते निळे ओघळ उरले. म्हणजे वागळे इस्टेटच्या भरतीच्या काळातली, जी बापांच्या आणि आजोबांच्या शोधाला सर्वांत लागतात, तीच गेली. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा तिथल्या कपाटांचं काय झालं असेल, या विचाराने मला झोप आली नव्हती. पाऊस दर वर्षी येतो आणि शाळांची कपाटं अजून तळमजल्यावरच असतात.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर येणार, ते मला तोंडपाठ आहे, कारण मीही ते पुष्कळांना दिलेलं आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली भागात शाळा, महसूल आणि भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले कारकून ढिगाने आहेत. आम्हाला हस्ताक्षरं लागतात, जुनी महिनेवारी कळते, काहींना मोडीही येते. सकाळी बागेत चकरा मारून झाल्या की दिवसभर आम्हाला काम नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयाने एक खोली, दोन टेबलं आणि चांगला उजेड द्यावा. मानधन नको. चहा आमचा आम्ही आणू, आणि रजिस्टरावर कप ठेवणाऱ्याला बाहेर काढायचं कामही आम्हीच करू. माझ्या परिचयातल्या काहींनी होकार दिलेला आहे. त्यांची यादी आणि अर्ज मी तयार ठेवला आहे, तो कुठल्या टेबलावर द्यायचा एवढं संबंधितांनी आपल्या वृत्तपत्रातून कळवावं.

आपली,
एक निवृत्त शाळा-लिपिक
खारेगाव, कळवा, जि. ठाणे
(नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)